चौकाखालची वाट

साहेबांच्या ऑफिसात दारापाशीच एक लाकडी स्टूल असायचं. सिटी बसची पहिली पायरी जमिनीपासून जितकी उंच, तितक्याच उंचीचं ते त्यांनी सुताराकडून मुद्दाम करून घेतलं होतं. वाहतुकीच्या कामासाठी कोणी अधिकारी भेटायला आला की साहेब त्याच्या दोन्ही हातांत भाजीनं भरलेल्या पिशव्या द्यायचे आणि म्हणायचे, "चढा." बहुतेक जण हसत हसत पाय उचलायचे, आणि धरायला काहीच नाही हे लक्षात आल्यावर अर्ध्यातच डगमगायचे. साहेब हसायचे नाहीत. "आता हेच साडीत करायचंय असं समजा," एवढं म्हणून ते खुर्ची द्यायचे. भाजी मग त्या अधिकाऱ्यालाच घरी न्यावी लागायची.

साहेब आमच्या भागाचे आमदार होते. नाव सांगत नाही. आता ते राजकारणात नाहीत, आणि हे वाचून कोणी त्यांना शोधत जावं असं मला वाटत नाही. मी त्यांची स्वीय सहायक होते. विधानसभेत विचारायचे प्रश्न नीट मराठीत लिहायला माणूस हवा होता, म्हणून एम. ए. मराठी झालेल्या मला त्यांनी ठेवून घेतलं. घर त्यांचं नाशिकला गंगापूर रोडला होतं, मोठं आणि शांत. पण दिवस सगळा जायचा तो द्वारका सर्कलपासून जवळच्या एका चौकातल्या ऑफिसात. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. खिडकी उघडली की ट्रक, रिक्षा, टँकर आणि सिटी बस यांचा असा गलका आत यायचा की फोनवर बोलताना दुसऱ्या कानात बोट घालावं लागे. साहेबांना मात्र खिडकी बंद केलेली चालायची नाही.

त्यांच्या पुष्कळ गोष्टींची लोक थट्टा करायचे. बसथांब्याचा नवा निवारा झाला की ते उद्घाटनाला जायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी भर दुपारी एकटेच तिथं जाऊन उभे राहायचे. सावली बाकावर पडते की मागच्या गटारावर, हे त्यांना बघायचं असायचं. बहुतेक वेळा ती गटारावरच पडायची. मग त्यावर प्रश्न. सभागृहात त्यांना "थांबेवाले" म्हणत. दुसरे सदस्य आवाज चढवत, कागद फडकावत. हे मात्र माजघरात बोलावं तसं बोलायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ज्याला उत्तर हवं असतं ना ताई, तो ओरडत नाही. ओरडलं की उत्तर ऐकू येत नाही."

कोणीही ऑफिसात आलं तर "काय काम काढलंत?" असं ते विचारत नसत. "कुठं जायचंय?" असं विचारत. आलेला माणूस गोंधळायचा. कुणी म्हणे, साहेब, कुठं नाही, रेशनकार्डाचं बघायचं होतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही त्यांनी हेच विचारलं. मी म्हटलं, "सर, मी नोकरीसाठी आलेय." त्यांनी मान हलवली. मग माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून त्याच सुरात म्हणाले, "आणि ह्यांना?"

मी वळून बघितलं. खुर्चीत कोणी नव्हतं. दारातही कोणी नव्हतं.

"माझ्याबरोबर कोणी नाही, सर."

"बरं," ते म्हणाले, आणि माझं प्रमाणपत्र वाचू लागले. त्या वेळी मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची नजर कमी झाली असेल. पण ते तेव्हा म्हातारे नव्हते, आणि चष्माही लावत नसत.

आमच्या चौकाखालून एक भुयारी मार्ग जात होता. पायी जाणाऱ्यांनी रस्ता खालून ओलांडावा म्हणून तो केला होता. साहेब नगरसेवक असताना त्यांनीच त्याचा पाठपुरावा करून तो करून घेतला होता. त्याचा उपयोग मात्र कुणी करत नव्हतं. उतरणाऱ्या पायऱ्यांवर पानाच्या पिचकाऱ्या, गुटख्याच्या पुड्या आणि कुत्री, आत दिवे नाहीत, भिंतींना ओल. माणसं वरूनच, ट्रकांच्या मधून, हात दाखवत पळत रस्ता ओलांडायची. वर्षातून कधी तरी कोणी तरी त्यात जायचं. मग दोन दिवस पोलीस उभे राहत.

साहेब रोज दुपारी जेवण झाल्यावर त्या मार्गानं चालून यायचे. या बाजूनं उतरायचे, त्या बाजूनं चढायचे आणि तसेच परत. कामाला लागून थोडे दिवस झाल्यावर त्यांनी मला बरोबर नेलं. हातात टॉर्च होती. आत उतरलं की वरचा गलका एकदम दूर जायचा. डोक्यावरून ट्रक गेला की छत थरथरल्याची नुसती जाणीव व्हायची. मी मधून चालत होते. साहेब म्हणाले, "डावीकडून चाला, ताई. समोरून येतात."

समोर लांब, ओला, रिकामा बोगदा होता. पलीकडच्या टोकाला उजेडाचा चौकोन. मी डावीकडे सरकले. थोड्या वेळानं साहेब स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले, गर्दीच्या गल्लीत डोक्यावर ओझं घेतलेल्या बाईला वाट द्यावी तसे, अंग चोरून. मग पुन्हा चालू लागले. मी काही विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलं होतं, पण आपला आवाज तिथं घुमेल आणि तो मला ऐकावा लागेल, याची मला भीती वाटली.

या सगळ्याचा उलगडा मला सलीमभाईंनी केला. सलीमभाई साहेबांचे ड्रायव्हर, जुन्या नाशकातले, फार कमी बोलणारे. एके दिवशी साहेब खाली गेलेले असताना आम्ही दोघं टायरच्या दुकानापाशी चहा घेत होतो. मी म्हटलं, "सलीमभाई, तुम्ही कधी जात नाही साहेबांबरोबर?"

"एकदा गेलो होतो," ते म्हणाले. "नंतर माफी मागितली. साहेबांना बोललो, गाडी चोवीस घंटे चालवीन, तिथं नका पाठवू."

"का? काय झालं?"

त्यांनी कप ठेवला. "मॅडम, सटाण्याच्या एक बाई होत्या. तुमच्या आधीची गोष्ट. त्यांची मुलगी इथल्या दवाखान्यात बाळंतपणाला होती. बाई डबा घेऊन यायच्या, जायच्या. सटाण्याची गाडी ह्या चौकात थांबत नाही, द्वारकेला उतरवते. बाई साहेबांकडे आल्या, की गाडी इथं थांबवा. साहेब बोलले, करतो. पण बाई, रस्ता वरून नका ओलांडू, खालून जा. बाई त्यांच्या भाषेत बोलल्या, 'तठे अंधार शे, साहेब. माले भेव वाटस.' साहेब बोलले, 'काही होत नाही. आजच्या दिवस जा. उद्या दिवे लागतील.' त्या हसल्या. बोलल्या, तुम्ही सांगता म्हणून जाते."

"मग?"

"साहेब खिडकीत उभे राहिले. बाई पायऱ्या उतरून खाली गेल्या, ते त्यांनी बघितलं. बरं वाटलं त्यांना. ते आत वळले. तेवढ्यात बाई परत वर आल्या असणार, अंधार बघून. वरून ओलांडायला गेल्या. टँकर होता."

सलीमभाई रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "साहेब आवाज ऐकून धावत खाली गेले. बाईंचा डबा रस्त्यात होता, लोक जमले होते, सगळं समोर होतं. तरी साहेब त्या भुयारातच उतरले. आत जाऊन हाका मारत होते. मीच बाहेर काढलं त्यांना. तेव्हापासून एकच बोलतात."

ते एक वाक्य पुढं मीही साहेबांच्या तोंडून ऐकलं. एका पत्रकारानं त्यांना छेडलं होतं, की साहेब, भुयारात तुम्ही रोज कुणाला भेटायला जाता? साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "मी त्यांना खाली जाताना पाहिलं. वर येताना नाही पाहिलं." पत्रकार हसला. छापलं मात्र काही नाही.

विधानसभेत प्रश्न विचारायची एक ठरलेली भाषा असते. अमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तरंही ठरलेली: हे खरे आहे. हे खरे नाही. अंशतः खरे आहे. प्रश्न उद्भवत नाही. मी त्या भाषेत लिहायला पटकन शिकले. पण साहेब "पादचारी" शब्द लिहू देत नसत. "पायी जाणारी माणसे असं लिहा," म्हणायचे. "पादचारी म्हटलं की चेहरा दिसत नाही."

भुयारी मार्गावरचा प्रश्न मी लिहून दिला. दिवे बंद आहेत, हे खरे आहे काय. ओल आहे, हे खरे आहे काय. साहेबांनी वाचला आणि खाली स्वतःच्या अक्षरात आणखी एक ओळ घातली: सदर मार्गाने आजही माणसे ये-जा करीत आहेत, हे खरे आहे काय?

"साहेब, ह्याचं उत्तर 'खरे नाही' असंच येईल," मी म्हटलं. "कोणी जात नाही, हीच तर आपली तक्रार आहे."

"येऊ दे उत्तर," ते म्हणाले. "विचारायला तर हवं."

तसंच झालं. दिवे बंद आहेत, खरे आहे. ओल आहे, खरे आहे. माणसे ये-जा करीत आहेत: हे खरे नाही. साहेबांनी उपप्रश्न विचारून प्रत्यक्ष पाहणीची मागणी केली आणि ती मान्य झाली. मंत्र्यांना त्यात काही जात नव्हतं.

पाहणीला कार्यकारी अभियंता आले. सभ्य माणूस, इस्त्रीचा शर्ट, वागण्यात अदब. बरोबर त्यांचा एक सहकारी होता. दुपार होती, वर कडक ऊन. आम्ही चौघं उतरलो. अभियंत्यांकडे मोठी टॉर्च होती. ते भिंतींवर झोत टाकत, कुठून पाणी झिरपतं, किती खर्च येईल, हे बोलत होते. मध्यावर आल्यावर साहेब थांबले.

"जरा वेळ कोणी बोलू नका," ते म्हणाले.

आम्ही उभे राहिलो. कुठं तरी पाणी ठिबकत होतं. डोक्यावरून काहीतरी अवजड गेलं आणि आवाज विरला. मग पलीकडच्या टोकाकडून चपलांचा आवाज आला. ओल्या फरशीवर साध्या रबरी चपला पडतात तसा, सावकाश, घाई नसलेला. अभियंत्यांनी झोत तिकडे टाकला. फरशी चमकली. वाट रिकामी होती. आवाज जवळ येत राहिला.

मला ठिबकणारं पाणी आणि पाऊल यांतला फरक कळतो. पाऊल थबकतं. ते आमच्या जवळ आल्यावर थबकलं, माणसं वाटेत उभी दिसल्यावर कोणीही थबकेल तसं. आणि आम्ही सगळे डाव्या भिंतीला सरकलो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सर्वांत आधी सरकले ते अभियंता. त्यांच्या पांढऱ्या शर्टाला भिंतीची हिरवी ओल लागली. आवाज आमच्या समोरून गेला. त्याच्याबरोबर भाकरीचा आणि ठेच्याचा वास आला, डब्याचं झाकण नीट बसलं नसलं की येतो तसा. मग आवाज दूर गेला आणि आम्ही उतरलो होतो त्या पायऱ्यांपाशी थांबला. पायऱ्या चढला नाही.

आम्ही पलीकडून वर आलो.  सहकारी रस्त्याकडे तोंड करून पाणी पीत होता. अभियंत्यांनी रुमालानं शर्ट पुसला, डाग आणखी पसरला. "पाण्याचा आवाज फार घुमतो आत," ते म्हणाले.

"घुमतो," साहेब म्हणाले.

"ड्रेनेज करावं लागेल."

"करा."

ते गाडीत बसले. दार ओढता ओढता त्यांनी काच खाली केली आणि अगदी हळू विचारलं, "साहेब, त्या वर का येत नाहीत?"

खाली बाई होती की पुरुष, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

"त्यांना वाटतं, दिवे लागायचेत अजून," साहेब म्हणाले.

पुढच्या अधिवेशनात, पाहणीनंतरचं सुधारित लेखी उत्तर आलं. मी ते गॅलरीत बसून वाचलं आणि पुन्हा वाचलं. सदर मार्गाने आजही माणसे ये-जा करीत आहेत, हे खरे आहे काय? त्यापुढं छापलं होतं: अंशतः खरे आहे. त्याखाली खुलासा होता, की चौकाच्या नव्या आराखड्यात सदर मार्ग भराव टाकून बंद करण्याचे प्रस्तावित आहे.

खाली सभागृहात साहेब उभे राहिले. नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अध्यक्ष महोदय, बंद करायला माझी हरकत नाही. फक्त मंत्री महोदयांनी एवढं सांगावं, की भराव टाकण्याआधी आत कोणी राहिलेलं नाही, याची खात्री केली जाईल काय?"

दोन्ही बाकांवरून हसू फुटलं. साहेब बसले नाहीत. उत्तराची वाट बघत हात मागं बांधून उभे राहिले. हसणं थोडा वेळ चाललं, मग एका बाजूनं विरळ होत गेलं, मग थांबलं. मंत्री कागद चाळत होते. शेवटी ते उठून म्हणाले, "सन्माननीय सदस्यांच्या भावना लक्षात घेतल्या जातील." अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला.

बाहेर आल्यावर साहेब मला म्हणाले, "ताई, दिवे मागून फार वर्षं गेली. मंत्र्याला विचारत बसलो. ज्यांना विचारायला हवं होतं त्यांच्याकडे एकदाही गेलो नाही."

"कुणाकडे, साहेब?"

"सटाण्याला. त्यांच्या घरी." थोडं थांबून म्हणाले, "पत्ता माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. धीर झाला नाही."

भरावाचं काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, जेवण न करताच, ते खाली उतरले. चौकात पिवळी यंत्रं येऊन उभी होती आणि पलीकडचं तोंड पत्र्यानं बंद केलेलं होतं. मी आणि सलीमभाई अलीकडच्या पायऱ्यांपाशी थांबलो. बराच वेळ गेला. सलीमभाई ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते. मी आत डोकावले, पण चार पायऱ्यांपलीकडे दिसत नव्हतं. साहेबांचा आवाज तेवढा येत होता. शब्द कळत नव्हते. समजूत घालताना माणूस जसा एकाच पट्टीत बोलत राहतो, तसा.

मग ते वर येताना दिसले. एकेक पायरी सावकाश, उजवा हात थोडा मागं आणि खाली धरलेला, तळवा उघडा. शेवटच्या पायरीवर ते थांबले. उन्हानं डोळे मिटले त्यांचे. मला म्हणाले, "या बाजूनं सावली आहे. इकडून जाऊ."

"साहेब, गाडी काढतो," सलीमभाई म्हणाले. 

"नको, सलीम. त्यांना एसटीनंच जायचं होतं."

सलीमभाई चौकातच थांबले, द्वारकेपर्यंत आम्ही चालत गेलो. साहेब कडेकडेनं, पुढे, मी मागं. मागं धरलेला उजवा हात त्यांनी एकदाही जवळ ओढला नाही. रस्ता ओलांडताना ते थांबले आणि डावा हात वर करून त्यांनी ट्रक थांबवला. ट्रकवाला शिव्या द्यायला बाहेर वाकला, पण त्यानं काही दिल्या नाहीत. तो नुसता बघत राहिला.

सटाण्याची गाडी आली. अर्धी रिकामी होती. साहेबांनी आधी वाट दिली, मग स्वतः चढले आणि खिडकीची जागा सोडून बसले. मी पुढच्या बाकावर. कंडक्टर आला तेव्हा साहेबांनी आपला आमदारकीचा पास दाखवला आणि म्हणाले, "सटाणा, महिलांची दोन."

बायकांना एसटीत अर्धं तिकीट. कंडक्टरनं माझ्याकडे बोट केलं. "ह्या एक. दुसऱ्या?"

"ह्या काय, खिडकीपाशी."

कंडक्टरनं खिडकीकडे बघितलं. साहेबांकडे बघितलं. आमदार माणूस, मोठं नाव, वाद कशाला घालायचा, असा काही तरी विचार त्याच्या तोंडावरून गेलेला मला दिसला. त्यानं मशीन दाबलं, दोन तिकिटं दिली आणि पुढं सरकला. पण ओझरच्या पुढं गाडी भरली, माणसं दांड्यांना धरून उभी राहिली, तरी त्या जागेवर बसू का, असं साहेबांना कुणी विचारलं नाही. पिंपळगावला एक जाडजूड गृहस्थ पिशवी घेऊन तिथवर आले, वाकले, आणि "असू द्या, असू द्या" म्हणत मागं गेले. ते कुणाला म्हणाले, कोण जाणे. साहेब समोर बघत होते.

देवळ्याच्या पुढं हवा बदलली. दोन्ही बाजूंना कांदा साठवायच्या चाळी दिसू लागल्या. माझ्या मागच्या बाकावरून खिडकीची काच सरकवल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही.

सटाण्याहून रिक्षा करून आम्ही गावाबाहेरच्या एका वस्तीवर गेलो. पत्र्याचं घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, कडेला कांद्याची चाळ. चाळीच्या तोंडाशी एक म्हातारा बसून सडलेले कांदे वेगळे काढत होता. अंगणात एक तरुण बाई कपडे वाळत घालत होती. ती आम्हाला बघून पदर सावरत पुढं आली. साहेबांना तिनं ओळखलं नाही.

साहेब चालता चालता अंगणाच्या मध्येच थांबले. त्यांचा पाय उचलेना. मला वाटलं, आता इथूनच परत फिरतात. मी पुढं होऊन काहीतरी बोलणार, तोच म्हाताऱ्यानं मान वर केली. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, साहेबांकडेही नाही. साहेबांच्या उजव्या हाताशी, थोडं मागं त्याची नजर थांबली. हातातला कांदा त्यानं हळूच खाली ठेवला.

"उनी का?" तो म्हणाला. आली का.

साहेब म्हणाले, "हो. आणलं. फार उशीर झाला, बाबा."

"व्हस," म्हातारा म्हणाला. होतं असं. "गाडीस्ना काय भरोसा."

साहेब तिथंच खाली बसले, सारवलेल्या जमिनीवर. ती तरुण बाई, म्हणजे त्या बाईंची मुलगी, घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी तिला सांगितलं, हे नाशिकचे आमदार. तुझी आई त्या दिवशी ह्यांच्याकडे आली होती. ती मग साहेबांसमोर बसली.

"आई काय बोलली होती तुमच्याजवळ?" तिनं विचारलं. "शेवटी कोणाजवळ तरी बोललीच असेल ना. आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

साहेबांनी सांगितलं. सगळं, जसं झालं तसं. गाडी चौकात थांबवा म्हणाल्या. मी म्हटलं, खालून जा. त्या म्हणाल्या, अंधार आहे, भीती वाटते. मी म्हटलं, काही होत नाही. हे शेवटचं सांगताना त्यांनी नजर खाली केली नाही. सभागृहात उत्तराची वाट बघत उभे राहायचे, तसेच ते तिच्याकडे बघत राहिले.

मुलगी बोटानं जमिनीवरची काडी इकडून तिकडे करत होती. मग म्हणाली, "माझ्यासाठी डबा आणायची ती. मी सांगायचे, नको येऊ. ऐकायची नाही." आणि थोड्या वेळानं, "तुम्ही तिला जायला सांगितलं, मी येऊ नको सांगितलं. तिनं दोघांचंही ऐकलं नाही."

हे सांत्वन होतं की नुसतंच सांगणं, मला अजून कळलेलं नाही. साहेबांचे खांदे मात्र खाली आले. त्यांचा उजवा हात इतका वेळ तसाच धरलेला होता. तो आता त्यांच्या मांडीवर पडलेला मी पाहिला. केव्हा पडला, ते मला दिसलं नव्हतं.

एवढ्यात म्हातारा उठला. मुलगी त्याला धरायला गेली, तर त्यानं हातानंच नको म्हटलं. धोतर झटकलं, चाळीला धरून सरळ उभा राहिला, आणि आमच्या बाजूनं घरात गेला. आतल्या अंधारात त्याची पाठ दिसेनाशी झाली.

"बाबा घरात जात नाहीत," मुलगी हळूच म्हणाली. "आई गेल्यापासून चाळीतच राहतात. जेवण, झोपणं, सगळं तिथंच. किती विनवण्या केल्या."

आतून भांडं सरकवल्याचा आवाज आला. माठातून पाणी घेतल्याचा. मग म्हातारा बोलू लागला. खालच्या आवाजात, काही विचारल्यासारखं. मग थांबला, ऐकत असावा तसा. मग पुन्हा बोलला. लांबून आलेल्या घरच्या माणसाशी बोलतात, तसं. मध्येच तो हसला.

मुलगी दाराकडे निघाली. उंबऱ्यापाशी पोचली, पाऊल उचललं आणि तसंच मागं घेतलं. चौकटीला हात टेकून ती थोडा वेळ उभी राहिली. मग आमच्याकडे वळली आणि तिनं दार हलकेच ओढून घेतलं.

"बोलू द्या त्यास्ले," ती म्हणाली.